तीन मांडवांतले सटवाजीकाका

अयोध्याताईची सोयरीक पत्रिकेवर अडली नाही, उंचीवर अडली नाही, रंगावर तर नाहीच. ती अडली एका प्रश्नावर. मुलाच्या वडिलांनी लातूरहून निरोप धाडला, की बाकी सगळं पसंत आहे, फक्त मुलीचे वडील नेमके कोणत्या विचाराचे आहेत तेवढं कळवावं.

निरोप आणला बालाजीमामानं. बालाजीमामा म्हणजे कावेरीकाकूचा धाकटा भाऊ. मुखेडला त्याचं मोबाइलचं दुकान आहे आणि तो प्रत्येक वाक्य गुपित फोडल्यासारखं बोलतो. अंगणात दोन कोंबड्यांशिवाय कुणी नसताना तो सटवाजीकाकांच्या कानाशी वाकला.

"दाजी, तुमी कोणत्या विचाराचे, ते इचारून राहिले."

काका येळवशीच्या सणाला शेतात घालायच्या खोपीसाठी कडब्याच्या पेंढ्या निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही. "कशाबद्दल?"

"कशाबद्दल न्हाई. एकूण. म्हंजे लाल का भगवे का निळे का मधले."

"मी रिटायर हाय," काका म्हणाले.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर, त्यातली बावीस एकाच गाडीवर, मुखेड ते लातूर आणि परत. रिटायर होऊन दीड वर्ष झालं तरी घरात चार पाव्हणे दारात घोळका करून उभे राहिले की त्यांच्या तोंडून आपोआप निघतं, "फुडं सरका, फुडं लई जागा हाय, आत लगीन लागंल इतकी." जेवताना कुणी नको म्हटलं की विचारतात, "का, फाट्यावर उतरायचं का?"

ते कोणत्या विचाराचे, हे गावात कुणालाही विचारा, माणूस छातीठोक सांगेल. अडचण एवढीच, की प्रत्येकाचं सांगणं वेगळं.

भजनी मंडळातले म्हणतात, सटवाजी पक्का आपल्यातला. कारण नवरात्राचे नऊ दिवस काका पायात चप्पल घालत नाहीत आणि अष्टमीला माहूरला जाऊन येतात. शिवाय मुलीचं नाव अयोध्या. आता हे नाव आमच्या पणजीचं. आमच्याकडं अयोध्या नावाच्या म्हाताऱ्या दर दोन घराआड एक सापडतात. पण हल्ली शहरातून आलेला माणूस ते ऐकतो आणि अर्थपूर्ण मान हलवतो. आगारातले म्हणतात, सटवाजी लाल. कारण एसटी, शाळा आणि दवाखाना ही तीन सरकारच्याच ताब्यात पाहिजेत, यावर काका कुणाशीही भांडतात, अगदी खासगी दवाखान्यात नर्स असलेल्या स्वतःच्या मुलीशीसुद्धा. माझे इतिहासाचे सर म्हणतात, तुझे काका पुरोगामी, कारण नव्या घरात ते मुहूर्त न बघता राहायला गेले. "पावणेआठची गाडी सुटायला मुहूर्त लागत न्हाई, मंग घरात शिरायला कशाला?" आणि ते गेले तेव्हा नेमकी अमावस्या होती, काकूनं तीन दिवस अबोला धरला होता.

पण मग बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा हेच पुरोगामी काका विरोधात. "अर्धं तिकीट घेतलेली बाई अर्ध्या सीटवर बसती का? फुकटाचं माणसाला लाचार करतं." काकू तेव्हापासून ताईला भेटायला दर रविवारी लातूरला जायला लागली, त्यांच्याच गाडीनं. काका तोंड वाकडं करून स्वतःच्या बायकोला अर्धं तिकीट फाडायचे, मशीनमधून निघायचं ते, पण काका फाडतोच म्हणतात. आणि पुढची आमदारांसाठी राखीव सीट. एकतीस वर्षांत तिच्यावर एकही आमदार बसला नाही. काका तिथं गरोदर बायका बसवायचे. कुणी नियम दाखवला की म्हणायचे, "पोटातला व्हईल की आमदार."

त्यांचे ड्रायव्हर मुसलमान होते. दोघांनी बावीस वर्षं एका डब्यात खाल्लं. ते वारले तेव्हा काका मशिदीबाहेर पायऱ्यांवर दिवसभर बसून होते. पण सोयरीक म्हटली की काका म्हणतात, आपल्यातच. मी एकदा विचारलं होतं, काका, डबा चालतो, मग सोयरीक का नाही? ते मग म्हणाले, "डबा दुपारी संपतो." याचा अर्थ मला अजून लागलेला नाही आणि त्यांना लागला असेल असंही वाटत नाही.

तर या माणसाचा विचार एका शब्दात लातूरला कळवायचा होता.

मुलाचे वडील श्रीमंत गुरुजी, रिटायर मुख्याध्यापक. त्यांचा प्रश्न खवचटपणाचा नव्हता, हेही मामानंच सांगितलं. त्यांची थोरली मुलगी महादेवी, तिच्या सासऱ्यांचं आणि गुरुजींचं मागच्या मोठ्या निवडणुकीत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाजलं. सासरे ग्रुपमधून बाहेर पडले. मग बारशाला आले नाहीत. मग महादेवीला दिवाळीला माहेरी धाडलं नाही, एक नाही, दोन दिवाळ्या. तेव्हा गुरुजींनी ठरवलं, आता सोयरीक करायची ती एका विचाराच्या घरात.

"मंग त्यांचा विचार कंचा, ते सांग की," काकू मामाला म्हणाली. "तोच आमचा म्हून कळवू. मिटलं."

"तेच तर कळंना, अक्का. बैठकीत फोटो हायत, पण समद्यांचेच. शिवाजी महाराज हायत, बाबासाहेब हायत, गाडगेबाबा हायत, विवेकानंद हायत, गणपती हाय."

"गणपती कुणाच्या शेजारी?"

"टीव्हीच्या."

काकू विचारात पडली.

मुलालाच विचारता आलं असतं. पण अमरेशला ताई ओळखतच नव्हती, म्हणजे घरी सांगण्यापुरतं. दोघं लातूरला एकाच दवाखान्यात, ती नर्स, तो लॅबमध्ये, आणि दोन वर्षं दोघं एकमेकांना इतकं ओळखत नव्हते की जात एकच निघाली हे कळल्याबरोबर मामाला मध्ये घालून स्थळ 'आलं'. काकांना सोडून हे सगळ्यांना माहीत होतं. ताईनं माझ्यासमोर त्याला मेसेज टाकला. उत्तर आलं, 'पप्पा म्हणतात ते मध्यममार्गी. पण मध्य कुठंय ते रोज बदलतं.'

ताई फोन पालथा ठेवून बसली. काकांना ती बापू म्हणते. "वर्षे," ती मला म्हणाली, "बापू खरं बोलले तर मोडंल. आन् खोटं बोलले तर लौकर मोडंल, कारण त्यांना येतच न्हाई." ती सलाइनच्या सुया न थरथरता लावते. त्या दिवशी तिच्या हातून भाकरी दोनदा करपली.

शेवटी काकांनीच निरोप धाडला. कळवायचं काय, येळवशीला शेतात या, बघा आन् ठरवा. आन् एसटीनं या.

येळवस आमच्या भागात किती मोठी, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला लातूरची बाजारपेठ ओस पडते. सगळी माणसं शेतात, ज्याचं शेत नाही तो दुसऱ्याच्या. शेतात कडब्याची खोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा झाली की ताकातली ज्वारीची आंबील आणि सगळ्या शेंगा-भाज्यांची भज्जी. बांधावरून जाणारा अनोळखी माणूस असला तरी त्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही.

आदल्या दिवशी मामानं काकांची शिकवणी घेतली. "दाजी, गुरुजी कायबी इचारू द्या, तुमी एकच म्हणा. दोन्ही बाजू बघितल्या पायजेत. टीव्हीवर समदे तेच म्हणतात."

काकांनी प्रामाणिकपणे सराव केला. काकूनं चहा घेणार का विचारलं, तर म्हणाले, "दोन्ही बाजू बघितल्या पायजेत." त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही.

गुरुजी आणि अमरेश साडेदहाच्या गाडीनं उतरले. अमरेशच्या आईचे गुडघे दुखत होते म्हणून ती आली नव्हती. गुरुजी बारीक, ताठ, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. बोलताना दर तिसऱ्या वाक्याला वर्गात मागच्या बाकावर बघितल्यासारखे लांब बघत म्हणायचे, "एक लक्षात घ्या." अमरेशनं ताईला नमस्कार केला, ताईनं त्याला "येताना तरास झाला न्हाई ना?" असं इतकं परकं विचारलं की हसू दाबायला मला पदर नसल्याचं वाईट वाटलं.

पूजा झाली. काकू भज्जीचं पातेलं उघडणार तेवढ्यात गुरुजींनी खिशातून मोबाइल काढला.

"सटवाजीराव, जेवायच्या आधी एक. मी लातूर स्टँडवर थोडी चौकशी केली. राग मानू नका, पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"करायलाच पायजे," काका म्हणाले.

"तीन जणांनी तीन फोटो दिले. मोठ्या संपातले. आगाराबाहेर तीन संघटनांचे तीन मांडव. या फोटोत तुम्ही लाल बावट्याखाली मूठ आवळून बसलेले आहात. या फोटोत भगव्या मांडवात, पहिल्या रांगेत. आणि हा निळा मांडव, इथं तर तुमच्या हातात माइक आहे. तिघंही मला म्हणाले, सटवाजी आमचाच. एक लक्षात घ्या, माणूस मत बदलतो, मला मान्य आहे. पण तिन्ही फोटोंवर तारीख एकच आहे."

मामानं डोळे मिटून घेतले. काकांनी चष्मा लावला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

"हे सकाळचं," ते म्हणाले. "हे दुपारचं. हे चारचं."

"म्हणजे काय?"

"मांडवाचं कापड पातळ व्हतं, गुरुजी. ऊन लई. कडंला एक कडुलिंबाचं झाड व्हतं, त्याची सावली सकाळी ह्यांच्यावर पडायची, दुपारी ह्यांच्यावर, चारला तिकडं. समदे म्हातारे कंडक्टर सावलीसंगं सरकायचे."

"आणि माइक?"

"माइक फुडं दे म्हणले व्हते. मी मदी बसलेलो."

"अहो पण घोषणा देताय तुम्ही."

"घोषणा तिन्हीकडं एकच व्हती. एसटी वाचवा."

गुरुजींनी मोबाइल खिशात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. मामा मागून कुजबुजला, "दाजी, दोन्ही बाजू."

"दोन्ही बघितल्या," काका मोठ्यानं म्हणाले, "पर बाजू तीन व्हत्या."

अमरेश खोकला. गुरुजींनी त्याच्याकडं बघितलं तसा थांबला.

"ठीक आहे," गुरुजी म्हणाले. "सरळ विचारतो. मत कुणाला देता?"

"ग्रामपंचायतीला माणूस बघून. झेडपीला ज्यानं रस्ता केला त्याला. आमदारकीला जो लई खात्रीनं निवडून येनार असंल त्याला सोडून, जरा भ्या राहू द्यावं म्हून. अन् दिल्लीच्या इलेक्शनला मी आन् कावेरी उलटसुलट देतो. दोघांची मतं एकमेकाला कापून जातात."

"मी कुठं उलटं देते," काकू पातेल्यामागून म्हणाली. "हे उलटं देतात."

गुरुजी तिच्याकडं वळले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मास्तरांचा राहिला नाही. "मग घरात भांडण होत नाही?"

"व्हतं की. दुसऱ्या दिवशी भाकरी थापायची का न्हाई? मंग?"

गुरुजी पातेल्याकडं बघत राहिले. त्यांना महादेवीच्या दोन दिवाळ्या आठवल्या असणार, असं मला वाटलं.

तेव्हा अयोध्याताई पुढं आली. तिचा आवाज दवाखान्यातला, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतानाचा. "गुरुजी, तुमची भीती भांडनाची हाय. लग्नानंतर कधीतरी व्हनारच हाय ते. मंग आत्ताच भांडून बघा. जेवायच्या आधी. टिकलं तर टिकलं."

"काय बोलती ही," मामा म्हणाला. पण गुरुजींनी पेन काढून परत खिशाला लावलं, म्हणजे ते तयार झाले.

सुरुवात अर्ध्या तिकिटापासून झाली. गुरुजी तिकिटाच्या बाजूनं. म्हणाले, पोरी शाळेत यायला लागल्या त्यानं, मी हजेरीपट दाखवतो. काका विरोधात. काकू गुरुजींच्या बाजूनं गेली, अमरेश काकांच्या. इथवर मला कळत होतं. मग गुरुजी म्हणाले, एसटी खासगी कंपनीला द्या, स्पर्धा आली की गाड्या वेळेवर येतील. काका उसळले, "चार पॅसेंजरसाठी तांड्यावर कोण यील, तुमची कंपनी का?" आता काकू काकांकडं, मामा गुरुजींकडं, आणि अमरेश म्हणाला, दोघांचंही अर्धं बरोबर आहे, तर दोघांनीही त्याला गप्प बसवलं. देवस्थानाच्या पैशातून शाळेचे पत्रे बदलावेत, यावर काका आणि गुरुजी एकदम एका बाजूला आले, इतके की दोघंही गोंधळले आणि थांबले. मी मनात डाव्या-उजव्या हाताला माणसं मांडत होते, ती सारखी इकडून तिकडं पळत होती. शेवटी मी हात सोडून दिले.

मग गुरुजी जरा निवांत होऊन म्हणाले, "एक मात्र सांगतो सटवाजीराव, जात मी मानत नाही. आयुष्यात मानली नाही."

काकांनी डोक्यावरचा रुमाल काढला. "मंग आमच्या पोरीचं स्थळ जात बघून का आलं?"

 ताई आणि अमरेश दोघंही जमिनीकडं बघायला लागले.

"ते... मुलाच्या आईसाठी," गुरुजी म्हणाले.

"मी मानतो," काका म्हणाले. "बरोबर हाय असं न्हाई म्हनत. मानतो. ज्या मुसलमान ड्रायव्हरच्या डब्यात बावीस वर्सं खाल्लं त्याच्या घरी पोरगी दिली नसती. तुमी मानत न्हाई म्हंता आन् तुमी बी दिली नसती. मंग आपल्या दोघांत कोन कंच्या विचाराचा, मला सांगा बरं. मला खरंच कळंना."

हे काका टोमणा म्हणून बोलले नव्हते. त्यांचा चेहरा तिकिटाचा हिशोब न लागल्यासारखा झाला होता. पण गुरुजी उठले. वाकून खोपीबाहेर पडले, चपला घातल्या आणि हरभऱ्याच्या बांधावर जाऊन आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. ताठ. अमरेश अर्धवट उठला, ताईनं मान हलवली, तो बसला. मामा म्हणाला, "झालं," आणि पहिल्यांदाच ते कुजबुजून नाही म्हणाला.

काकूनं आंबिलीचा तांब्या काकांसमोर ठेवला. "शेताला फेरा घाला. माणसं गेली तर गेली, येळवस कशाला मोडायची."

फेरा म्हणजे पुढच्यानं आंबील शिंपडत शेताभोवती जायचं आणि ओरडायचं, "वलगे वलगे, सालन पलगे." याचा अर्थ गावात कुणाला माहीत नाही, कुणी म्हणतं कानडी आहे. मागच्यानं साथ द्यायची, "हर हर महादेव." एकट्यानं फेरा होत नाही. दर वर्षी माझे वडील मागं असतात, या वर्षी ते नांदेडला ड्यूटीवर होते. मामा उठेना. काका एकटेच निघाले.

"वलगे वलगे, सालन पलगे." मागून कुणी नाही. तुरीपर्यंत गेले, पुन्हा ओरडले. कुणी नाही. वळून हरभऱ्याच्या बांधाला आले, गुरुजींच्या अगदी शेजारी, आणि त्यांच्याकडं न बघता ओरडले. गुरुजी लातूरचे. साठ वर्षं त्यांनी त्या हाकेला साथ दिलेली. त्यांच्या तोंडून निघूनच गेलं, "हर हर महादेव."

काका थांबले नाहीत. गुरुजी मागं चालायला लागले. पुढं ज्वारी उंच होती, दोघं दिसेनासे झाले. नुसते आवाज येत होते.

"वलगे वलगे, सालन पलगे."

"हर हर महादेव. पण एक लक्षात घ्या, मी तेव्हा शाळेत आंतरजातीय..."

"लावलं का एक बी लगीन?"

"दोन. दुसऱ्यांची."

"वलगे वलगे."

"हर हर महादेव. हसू नका."

"हसून न्हाई राहिलो. माझं तर एक बी न्हाई."

मोठ्या शेताला लागतो त्याच्या दुप्पट वेळ त्या तीन एकराला लागला. परत आले तेव्हा तांब्या रिकामा होता आणि गुरुजींच्या शर्टावर आंबिलीचे थेंब.  काकूनं वाढलं. गुरुजींनी भज्जी तीनदा घेतली. जेवताना ते फक्त एकच बोलले, की ताकाला अजून एक दिवस हवा होता. काकू म्हणाली, थंडीनं आंबलं न्हाई. यावर मतभेद झाला नाही.

चारच्या गाडीला आम्ही सगळे फाट्यावर गेलो. ताई माझा हात इतका घट्ट धरून चालत होती की बांगडी रुतली. गाडी दिसली तरी गुरुजी काही बोलेनात. गाडी थांबली. अमरेश चढला. गुरुजींनी एक पाय पायरीवर ठेवला आणि वळले.

"सटवाजीराव, तुमचा विचार कोणता ते मला कळलं नाही."

"मला बी न्हाई कळला," काका म्हणाले. "तुमाला फोन करून सांगावा म्हनलं तर काय सांगू?"

"राहू द्या." गुरुजींनी दांडी धरली. "सुपारी फोडायला आम्ही पुढच्या रविवारी येतो. महादेवीच्या सासऱ्यांनाही घेऊन येईन. ते आले तर. त्यांचं माझं अजून बोलणं नाही. तुम्ही आमच्या दोघांच्या मध्ये बसा."

कंडक्टरनं बेल दिली. गाडी निघाली. ताईनं माझा हात सोडला आणि ती रस्त्याच्या कडेला, मैलाच्या दगडावर बसली. काकू तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती. मामा कुणाला तरी फोन लावून हळू आवाजात "जमलं, जमलं" सांगत होता.

काका गाडी लहान होईपर्यंत बघत होते. मग माझ्याकडं वळले. चेहरा पुरता गोंधळलेला.

"वर्षे, मदी बसायचं म्हनले. पर मी बोलायचं कुनाकडून?"

"ते भांडायला कुठून सुरुवात करतात त्यावर हाय, काका."

"असं व्हय," ते म्हणाले आणि घरापर्यंत त्यावर विचार करत चालले.